‘मदत करते’ की ‘लावते’? : स्त्रीच्या कामाविषयीच्या इंग्रजी वाक्यांतील क्रियापद-रचनांची चिकित्सा (भोर व वेल्हे परिसराच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : क्रियापद-रचना, सकर्मकता, स्त्रीश्रम, भातशेती, जात्यावरील ओवी, भाषांतर, इंग्रजी अध्यापन.

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या कुशीत भोर आणि वेल्हे हे दोन तालुके वसलेले आहेत. यांपैकी भोर हे 1948 पर्यंत पंतसचिवांचे संस्थान होते; तर वेल्हे तालुक्याचे ‘राजगड’ असे नामांतर करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये घेतला. नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत भात हे मुख्य पीक असून डोंगरउतारावर नाचणी व वरी पिकते. पावसाळ्यात खाचरात गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या स्त्रियांची रांग हे येथील नित्याचे दृश्य होय.

या परिसरातील विद्यार्थ्यांना पदवीच्या प्रथम वर्षास इंग्रजी शिकविताना प्रस्तुत लेखिकेने ‘माय मदर’ या विषयावर दहा वाक्ये लिहिण्याचा साधा स्वाध्याय वेळोवेळी दिला आहे. स्वाध्यायाच्या वह्या तपासताना एक वाक्य पुन:पुन्हा समोर येते : ‘माय मदर हेल्प्स माय फादर इन द फार्म.’ व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे. त्याखाली लाल शाईने काहीही लिहिण्याचे कारण नाही. तथापि हे वाक्य खरे आहे का, हा प्रश्न व्याकरणाचा तास संपल्यावरही उरतो. या प्रश्नाचा शोध घेणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा हेतू आहे. येथे कोणत्याही सर्वेक्षणाचा दावा नाही. स्त्री काय करते हे सांगताना वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या इंग्रजी क्रियापद-रचनांचे हे चिकित्सक वाचन आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

इंग्रजीचे परभाषा म्हणून अध्यापन करताना क्रियापद-रचनांची संकल्पना ए. एस. हॉर्नबी यांनी रूढ केली. ‘अ गाइड टू पॅटर्न्स अँड युसेज इन इंग्लिश’ (1954) या ग्रंथात त्यांनी क्रियापदांच्या पंचवीस रचना मांडल्या. पुढे रँडॉल्फ क्वर्क व सहकाऱ्यांच्या 1985 च्या बृहद्व्याकरणात उपवाक्याचे सात मूलभूत प्रकार सांगितले गेले. कोणत्या क्रियापदामागे कर्म येते, कोणत्यामागे दोन कर्मे, कोणत्यामागे पूरक, हे ठरलेले असते. विद्यार्थ्याने ते आत्मसात केले की तो बिनचूक वाक्य लिहू शकतो, अशी यामागील भूमिका होय.

या रचनांकडे केवळ साचे म्हणून पाहणे अपुरे आहे, ही जाणीव एम. ए. के. हॅलिडे यांनी दिली. विल्यम गोल्डिंग यांच्या ‘दि इन्हेरिटर्स’ या कादंबरीवरील 1971 च्या निबंधात त्यांनी सकर्मक व अकर्मक वाक्यांची निवड पात्राची जगाकडे पाहण्याची दृष्टी कशी घडविते, हे दाखवून दिले. डीड्रा बर्टन यांनी 1982 मध्ये सिल्व्हिया प्लाथ यांच्या ‘द बेल जार’ मधील विद्युत्‌झटक्याचा प्रसंग याच पद्धतीने तपासला. त्या प्रसंगात कृती इतरांकडे व उपकरणांकडे जाते आणि नायिका केवळ जिच्यावर कृती होते ती व्यक्ती उरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे दोन्ही अभ्यास साहित्यकृतींचे आहेत. परंतु जी कसोटी कादंबरीतील परिच्छेदास लागू पडते, ती विद्यार्थ्याच्या वहीतील वाक्यासही लागू पडावी, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. ते वाक्य विद्यार्थी आपल्या आईविषयी लिहीत असतो, हे त्याचे आणखी एक कारण.

नेहमीच्या रचना आणि त्यांतील स्त्री

स्त्रीविषयक वाक्यांत सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या रचना पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(1) कर्ता + क्रियापद + पूरक : ‘शी इज अ हाउसवाइफ.’ या रचनेत कृती नाहीच. ‘असणे’ हे क्रियापद कर्त्यावर एक चिठ्ठी चिकटविते. स्वाध्यायातील आईविषयीचे पहिले वाक्य बहुधा हेच असते आणि पुढील सर्व वाक्ये त्याच्या छायेत वाचली जातात.

(2) कर्ता + क्रियापद : ‘शी डझन्ट वर्क.’ इंग्रजीत ‘वर्क’ हे क्रियापद एकटे आले की त्यास पगारी कामाचा अर्थ सहज चिकटतो. आपला विद्यार्थी मनात ‘ती नोकरी करत नाही’ असे म्हणतो आणि कागदावर ‘ती काम करत नाही’ असे उमटते. मराठीत ‘नोकरी’ आणि ‘काम’ हे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीच्या या एका रचनेत ते एकमेकांत मिसळतात.

(3) कर्ता + क्रियापद + कर्म : ‘शी कुक्स फूड’, ‘शी वॉशेस क्लोद्स’. येथे स्त्री खऱ्या अर्थाने कर्ती आहे. मात्र जे कर्म तिच्या वाट्यास येते ते अन्न, कपडे, भांडी, पाणी एवढ्यावर थांबते. भात, खाचर, गवत, जळण, गुरे ही कर्मे क्वचितच येतात.

(4) कर्ता + क्रियापद + दोन कर्मे : ‘शी गिव्ह्ज अस फूड’, ‘शी टेल्स अस स्टोरीज’. देणे आणि सांगणे या क्रियापदांत घेणारा व ऐकणारा अपरिहार्य असतो. त्यामुळे स्त्रीची कृती दुसऱ्यासाठी असलेली कृती म्हणूनच पूर्ण होते.

(5) कर्ता + क्रियापद + कर्म + पूरक : ‘शी कीप्स द हाउस क्लीन.’ ही रचना लक्षणीय आहे. झाडणे, सारवणे, पुसणे, आवरणे ही सारी क्रियापदे ‘ठेवणे’ या एका क्रियापदात विरून जातात. दिसते ती केवळ अंतिम स्थिती. घर स्वच्छ असते. ते कसे झाले, हे वाक्य सांगत नाही.

या पाचही रचना चुकीच्या नाहीत. परंतु त्या एकत्र वाचल्या असता असे दिसून येते की, घराबाहेरील उत्पादक श्रम दर्शविणाऱ्या क्रियापदासाठी त्यांत जागा राहिलेली नाही. ती जागा सहावी रचना भरून काढते.

‘हेल्प’ची रचना

‘शी हेल्प्स माय फादर प्लांट राइस.’ हॉर्नबींच्या परंपरेतील कोणताही शब्दकोश ‘हेल्प + व्यक्ती + मूळ क्रियापद’ ही रचना आवर्जून देतो. या रचनेचे व्याकरण नीट पाहणे आवश्यक आहे. वाक्यात दोन क्रियापदे आहेत : मदत करणे आणि लावणे. पहिल्याचा कर्ता ‘आई’ आहे. दुसऱ्याचा कर्ता व्याकरणदृष्ट्या ‘वडील’ आहे. इंग्रजीत या रचनेतील मधली व्यक्तीच पुढील क्रियापदाचा कर्ता समजली जाते. म्हणजेच या वाक्याचा अर्थ असा होतो की, भात वडील लावतात आणि आई त्या लावण्यास साहाय्य करते.

आता खाचरात काय घडते ते पाहू. राब भाजण्यापासून भात घरी येईपर्यंतच्या कामांत स्त्री-पुरुषांची वाटणी परंपरेने ठरलेली आहे. औत धरणे व चिखलणी ही पुरुषाची कामे. रोपे उपटून त्यांच्या मुठी बांधणे आणि लावणी करणे, जिला काही गावांत आवणी म्हणतात, ही मुख्यत: स्त्रियांची. बेणणी-खुरपणीही त्यांचीच. कापणी दोघांची, झोडणी बहुधा पुरुषाची, पाखडणे पुन्हा स्त्रीचे. शिवाय या खोऱ्यांतील पुरुषांनी कामासाठी मुंबई-पुण्याकडे जाण्याची रीत जुनी आहे. आता त्यात शिरवळच्या कारखान्यांची भर पडली आहे. अनेक घरांत वडील लावणीच्या दिवसांत रजा मिळाली तर येतात. चिखलणी भाड्याच्या पॉवर टिलरने होते आणि लावणी आई सावडीने, म्हणजे एकमेकींच्या शेतावर आळीपाळीने राबून, उरकते.

अशा घरातील मुलगी जेव्हा ‘माय मदर हेल्प्स माय फादर’ असे लिहिते, तेव्हा शेतात नसलेला माणूस वाक्यात लावणारा ठरतो आणि दिवसभर वाकून लावणारी स्त्री मदतनीस ठरते. मुलगी खोटे बोलत नसते. तिने पाहिलेले तिला ठाऊक असते. तिला मिळालेला साचा मात्र पाहिलेले सांगण्यास पुरत नाही. आणि साचा बिनचूक असल्यामुळे तो कोणी दुरुस्तही करीत नाही. या निबंधाचे मुख्य प्रतिपादन एवढेच आहे.

मराठीची बाजू

याचा दोष केवळ इंग्रजीवर टाकणे न्याय्य होणार नाही. ‘आई वडिलांना शेतात मदत करते’ हे वाक्य मराठीतही सर्रास बोलले जाते. ‘हातभार लावते’, ‘घरीच असते’, ‘घर बघते’ ही वाक्येही आपलीच आहेत.

मराठी क्रियापदाचे या बाबतीतील वर्तन मोठे उद्बोधक आहे. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (1911) या ग्रंथात प्रयोगविचाराची सविस्तर चर्चा केली आहे. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘लावते’ एवढे म्हटले तरी लावणारी स्त्री आहे हे समजते. इंग्रजी ‘प्लांट्स’ मध्ये ही सोय नाही. परंतु काम पूर्ण होताच कर्मणी प्रयोग येतो : ‘आईने खाचर लावले’, ‘वडिलांनी खाचर लावले’. येथे क्रियापद खाचराच्या लिंगाप्रमाणे चालते आणि कोणी लावले याची खूण त्यातून पुसली जाते. कर्ता गाळून ‘खाचर लावून झाले’ असे म्हटले की काम उरते, करणारी उरत नाही.

आदरार्थी रूपांचा प्रश्नही असाच. ‘वडील शेती करतात, आई कामाला जाते’ या वाक्यात वडिलांना अनेकवचन आहे, आईला एकवचन. आईशी असलेली जवळीक त्यात आहे हे खरे. पण दोघांच्या कामाची प्रत वेगळी, असा सूरही त्यातून निघू शकतो. इंग्रजीत मात्र ‘ही वर्क्स’ आणि ‘शी वर्क्स’ यांतील क्रियापद एकच आहे. तेव्हा इंग्रजी वाक्य काही ठिकाणी स्त्रीस झाकते, तर काही ठिकाणी मराठीने न दिलेली बरोबरीही देते, असे म्हणावे लागेल.

जात्यावरील ओवी आणि इंग्रजी ‘टेल’

शेत सोडून घरातील जात्याकडे वळल्यास याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते, कारण तेथे स्त्री आपल्याविषयी स्वत:च बोलते. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यातून सुरू झालेले जात्यावरील ओव्यांचे संकलन हेमा राईरकर व गी पॉतवँ यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यातून उभे केले. पुढे ते हजाराहून अधिक गावांत पोहोचले व लाखाहून अधिक ओव्या त्यात जमा झाल्या. पॉतवँ यांचे 2004 मध्ये व राईरकर यांचे 2010 मध्ये निधन झाले. 2017 पासून हा संग्रह ‘परी’ या संस्थेने इंग्रजी भाषांतरासह लोकांसमोर आणण्यास प्रारंभ केला.

ओवीतील क्रियापदे पाहता दोन गोष्टी जाणवतात. एक, हात दळत असले तरी ओवीतील स्त्री वारंवार ‘सांगते’, ‘बोलते’, ‘विचारते’. हॅलिडे यांच्या वर्गीकरणात या वाचिक क्रिया होत. श्रमाच्या वेळी ती केवळ राबणारी राहत नाही, बोलणारी होते. दोन, ‘मी’ हा उच्चार केला वा न केला तरी ‘-ते’ या प्रत्ययातून ती स्त्री म्हणून उभी राहते.

भाषांतरात पेच निर्माण होतो तो येथे. मराठी ‘सांगते’ हे क्रियापद श्रोत्याचा उल्लेख न करताही पूर्ण असते. इंग्रजीत मात्र ‘से’ घेतले तर श्रोता सुटतो आणि ‘टेल’ घेतले तर श्रोता कर्म म्हणून आणावाच लागतो. म्हणजे जात्यावर पहाटे एकटीने म्हटलेले ‘सांगते’ इंग्रजीत कोणाला तरी सांगितलेले होते. शिवाय ‘आय टेल’ मध्ये स्त्रीलिंग उरत नाही. ते सांभाळायचे तर भाषांतरकारास ‘वुमन’ अथवा ‘सिस्टर’ असे संबोधन हाताशी घ्यावे लागते. चांगले भाषांतर हा तोटा दुसरीकडून भरून काढते. पण तोटा होतो हे वाचकाने जाणले पाहिजे. राईरकर-पॉतवँ यांच्या 1993 च्या इंग्रजी ग्रंथाचे ‘इंडियन पेझंट विमेन स्पीक अप’ हे शीर्षक या दृष्टीने बोलके आहे. ‘स्पीक अप’ हे अकर्मक क्रियापद आहे. त्यास श्रोत्याची गरज नाही, मध्ये कोणी पुरुष नाही आणि कोणाला मदतही नाही.

आज घरोघरचे जाते थांबले आहे. ‘दळते’ या क्रियापदाची जागा ‘दळण आणते’ याने घेतली. इंग्रजीत ही ‘गेट + कर्म + भूतकालवाचक धातुसाधित’ अशी रचना होईल : ‘शी गेट्स द ग्रेन ग्राउंड.’ दळण्याचे कष्ट गिरणीकडे गेले, याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र डब्याचे ओझे उचलून नेणे, थांबणे व परत आणणे हे काम अद्याप तिचेच असते, आणि ते ‘आणते’ या लहानशा क्रियापदात मावून जाते.

वाक्यापासून नोंदीपर्यंत

क्रियापदाची निवड हा केवळ शैलीचा प्रश्न नाही, कारण नोंद करणारी यंत्रणाही वाक्यावरच चालते. 1991 च्या जनगणनेत ‘आपण काम केले का’ या प्रश्नाला ‘शेतावरील किंवा कौटुंबिक व्यवसायातील बिनमोबदला काम धरून’ अशी स्पष्ट जोड द्यावी लागली. स्त्रियांचे काम प्रश्नातूनच निसटत होते, याची ती कबुली होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या वर्गवारीत ‘केवळ घरकाम’ यास 92 हा संकेतांक आहे, तर घरकामासह जळण, चारा वगैरे गोळा करणे यास 93. दोन्ही संकेतांकांतील व्यक्ती श्रमशक्तीबाहेर धरल्या जातात. दुसरीकडे केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातील बिनपगारी कामात सहभागी असलेल्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे आणि सहभागी पुरुष 97 मिनिटे खर्च करीत असल्याचे आढळले. 2024 मध्ये हेच आकडे 289 व 88 होते. ‘शी डझन्ट वर्क’ या वाक्यात ही जवळपास पाच तास दडलेली आहेत.

आता 1 मार्च 2027 हा संदर्भदिनांक असलेली जनगणना जाहीर झाली आहे. प्रगणक दारात येऊन ‘आई काय करते?’ असे विचारील तेव्हा उत्तर देणारी व्यक्ती अनेक घरांत शिकलेली मुलगी किंवा मुलगा असेल. तिच्या ओठी ‘काही नाही, घरीच असते’ हे वाक्य येते की ‘भात लावते’ हे, यावर एका स्त्रीची नोंद अवलंबून राहील.

अध्यापनविषयक विचार

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते. म्हणजे आजचा पदवीचा विद्यार्थी बारा वर्षे या रचना गिरवून आलेला असतो. ‘बालभारती’ने 2019 मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात भाजी निवडणारा पुरुष व इस्त्री करणारा पुरुष अशी चित्रे दिली, ही स्वागतार्ह घटना होय. चित्रातील कर्ता बदलला. वाक्यातील क्रियापदाकडेही तसेच पाहण्याची गरज आहे.

यासाठी वर्गात करता येण्याजोगा उपाय साधा आहे. विद्यार्थ्यांनी प्रथम आईच्या लावणीच्या दिवसातील कामे मराठीत, घरात वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांनी लिहावीत : उपटते, बांधते, लावते, बेणते, पाखडते, थापते, सारवते, वेचते. नंतर प्रत्येकासाठी इंग्रजी क्रियापद शोधावे व ते कोणत्या रचनेत बसते ते पाहावे. ‘हेल्प’ वापरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : पुढील क्रियापदाचा कर्ता कोण? ज्या कामात खरोखर मदत आहे तेथे ‘हेल्प’ अवश्य यावे. वडिलांच्या बाबतीतही यावे. ‘माय मदर प्लांट्स राइस. माय फादर हेल्प्स हर व्हेन ही गेट्स लीव्ह.’ या दोन वाक्यांत कोणतीही अवघड रचना नाही.

हा स्वाध्याय करताना वेल्ह्याकडील एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न येथे नमूद करावासा वाटतो. तिने ‘हाउसवाइफ’ खोडले होते आणि पुढे लिहिताना ती थांबली होती. ‘‘मॅडम, सात-बारावर आईचं नाव नाही. मग फार्मर लिहिलं तर चालेल का?’’ असे तिने विचारले. 2007 च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने ‘शेतकरी’ या शब्दाची व्याप्ती जमीनमालकापुरती ठेवलेली नाही; पीक घेण्याच्या कामात गुंतलेल्या सर्वांचा त्यात समावेश केला आहे. तेव्हा लिहावे, असे तिला सांगितले. तथापि तिची शंका निराधार नव्हती. 2019 मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसानसारख्या योजनेचा लाभ जमिनीच्या नोंदीवरच ठरतो. भाषेचा तास सात-बारा बदलू शकत नाही, ही मर्यादा मान्यच करावी लागेल.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्त्रीच्या कामाविषयीच्या नेहमीच्या इंग्रजी रचना तिला बहुधा स्थितीत, सेवेत अथवा मदतीत बसवितात. त्यांपैकी ‘हेल्प’ची रचना सर्वांत निरुपद्रवी दिसते, आणि मूळ कामाचे कर्तेपण दुसऱ्याकडे नेत असल्यामुळे तीच सर्वाधिक दूरगामी ठरते. मराठी या दोषापासून मुक्त नाही. पण कामागणिक वेगळे क्रियापद असण्याची संपत्ती भात लावणाऱ्या स्त्रियांच्या बोलीत आहे, आणि इंग्रजी शिकविताना तिचा उपयोग करता येतो. व्याकरण शिकविणाऱ्याने वाक्य शुद्ध आहे का हे पाहावेच. त्याबरोबर ते खरे आहे का, हेही विचारावे. ‘फार्मर’ हा शब्द त्या विद्यार्थिनीने अखेर लिहिला. त्याच्या पुढे तिने स्वत:हून आणखी एक वाक्य जोडले होते : ‘शी प्लांट्स अवर फील्ड्स.’ त्या वाक्याखालीही लाल शाईने काही लिहिण्याचे कारण उरले नाही.